वाळवीची भोकं

ताईंसमोर कुणी ‘निसर्ग’ हा शब्द काढला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. गंमत अशी, की बाईंचा सगळा जन्म निसर्गाकडून शिकून इमारती बांधण्यात गेलेला. पण एवढी वर्षं वास्तुविशारद म्हणून काढल्यावर त्यांना एक कळून चुकलं होतं, की लोकांच्या लेखी निसर्ग म्हणजे कुंड्या. भिंतीला हिरवा रंग फासला, गच्चीत चार झाडं मांडली, जिन्यात धबधब्याचं चित्र लावलं, झाला निसर्ग! एका गिऱ्हाइकाला माशाच्या आकाराचं सभागृह हवं होतं. “मासाच का?” असं ताईंनी विचारलं, तर म्हणाला, “तुमचं ते निसर्गाचं असतं ना, म्हणून.” दुसऱ्याला फुलपाखराच्या पंखांसारखं छप्पर हवं होतं, आणि त्या पंखांखाली दिवसरात्र घरघरणारी एसीची यंत्रं. खुद्द आईसुद्धा फोनवर विचारायची, “अजून ती किड्यांची घरंच काढतेस का गं? माणसांची कधी काढणार?”

किड्यांची घरं हे मात्र अगदीच खोटं नव्हतं. शहरातलं सार्वजनिक ग्रंथालय ताईंनी बांधलं ते वाळवीचं वारूळ डोळ्यांसमोर ठेवून. वाळवी लाकूड खाते तेवढंच आपल्याला ठाऊक. ती घर कसं बांधते ते बघायला कोण वाकतंय? बाहेर ऊन रणरणत असतं, आणि आत लाखोंचा संसार सुखाने चाललेला असतो, तो त्या मातीतल्या पोकळ वाटांमधून हवा खेळती राहते म्हणून. ताईंनी ग्रंथालयाच्या जमिनीखाली एक लांबलचक बोगदा काढला. प्रत्येक मजल्यावर, फरशीला लागून, भिंतीत मुठीएवढी भोकं ठेवली आणि ती त्या बोगद्याला जोडली. छपरावर उंच धुराडी उभी केली. आतली हवा तापली की धुराड्यांतून निघून जायची आणि तिची जागा घ्यायला बोगद्यातली गार हवा भोकांतून आत यायची. पंखा नाही, यंत्र नाही, घरघर नाही. परगावाहून प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन यायचे, ताई त्यांना दोन दोन तास समजावून सांगायच्या, आणि पोरं वहीत वारुळाची चित्रं काढून घेऊन जायची.

ताईंचा धाकटा भाऊ त्यांच्याच कार्यालयात होता. हिशेब पक्का, बांधकामावरची नजर पक्की, सैल होती ती फक्त जीभ. दिसेल त्याला टोपणनाव ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. धुराड्यांना तो ‘नाकपुड्या’ म्हणायचा, बोगद्याला ‘आतडं’. ताईंनी आराखड्यावर त्या भोकांसाठी नाव घातलं होतं ‘वायुप्रवेशद्वार’.

“ताई, हे म्हणतानाच माणसाचा श्वास संपतो,” तो म्हणाला होता. “आत हवा काय जाणार? सरळ वाळवीची भोकं म्हण की.”

“खबरदार!” ताई म्हणाल्या. “उद्या हेच नाव रूढ होईल.”

आणि झालंच. गवंडी म्हणायला लागले, रंगारी म्हणायला लागले, ग्रंथालयाचे पहारेकरी म्हणायला लागले. ताईंनी रागावून बघितलं, समजावून बघितलं, शेवटी हात टेकले.

आता या सगळ्या जन्माचं सोनं व्हायची किंवा माती व्हायची वेळ आली होती. शहराच्या कडेला मोठी नवी वसाहत उभी राहायची होती. हजारो घरं, शाळा, दवाखाना, रस्ते, सगळं नव्याने. समितीपुढे शेवटी दोनच आराखडे उरले. एक ताईंचा. त्यात रस्ते असे वळवलेले की संध्याकाळचा वारा गल्लीगल्लीत शिरेल, घरं अशी मांडलेली की एकाची सावली दुसऱ्यावर पडेल, आणि प्रत्येक घराच्या भिंतीत ती भोकं. दुसरा आराखडा एका बड्या कंपनीचा. त्यांची वसाहत आकाशातून पाहिली तर पिंपळाच्या पानासारखी दिसणार होती. खाली सगळ्या बंद काचा आणि यंत्रं. “म्हणजे तिथे राहणाऱ्यांनी निसर्ग बघायला विमानात बसायचं,” भाऊ म्हणाला, आणि त्या एका विनोदावर मात्र ताई मनापासून हसल्या होत्या.

समितीच्या अध्यक्षबाईंनी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअरकी केलेली. त्यांना चित्रं दाखवून भागत नसे. त्यांनी सांगितलं, “तुमचं ग्रंथालय आम्ही भर उन्हात येऊन बघणार. आत निवांत बसता आलं, तर वसाहत तुमची.” ताईंचं वय असं होतं की ही हातची गेली तर पुन्हा कुणी अख्खी वसाहत त्यांच्या स्वाधीन करणार नव्हतं. हे त्या जाणून होत्या, आणि म्हणून आठवडाभर त्यांनी फोन करकरून सगळ्या जगाला भंडावून सोडलं. नकाशे छापणाऱ्याला, समितीच्या कारकुनाला, ग्रंथालयाला, बागेच्या माळ्याला, कुणालाही सोडलं नाही.

ठरल्या दिवशी दुपारी ताई आणि भाऊ समितीच्या थोडं आधी ग्रंथालयात पोचले. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. ताईंनी दार ढकललं आणि त्या उंबऱ्यावरच थबकल्या. एरवी या दारातून आत पाऊल टाकलं की अंगावर गार ओढणी पडल्यासारखं वाटायचं. आज आतून चक्क वाफ आली. वाचनकक्षात लोक वर्तमानपत्रांनी वारा घेत होते. एक माणूस शर्टाची वरची बटणं सोडून टेबलावर डोकं टेकून झोपला होता. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या सरळ भिंतीशी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि भोक शोधायला लागल्या. भोक नव्हतं. तिथे भिंत होती, गुळगुळीत, रंगवलेली. ताईंनी नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि आतून करडा, वाळून टणक झालेला फेस दिसला. पुढचं भोक, तेच. त्याच्या पुढचं, तेच. भाऊ जिना चढून वर गेला आणि चेहरा पाडून खाली आला.

तेवढ्यात ग्रंथपाल लगबगीने आले. माणूस नुकताच बदलून आलेला, पुस्तकांवर जीव टाकणारा, कामाला चोख. घामाने निथळत होता, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

“बघितलंत ना मॅडम? एकही शिल्लक ठेवलं नाही!”

“काय शिल्लक ठेवलं नाही?” ताईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

“वाळवीचं भोक! सगळे मजले केले. आधी औषध मारलं, मग फेस भरला, वरून रंग. कुठे होतं ते सांगूनही सापडायचं नाही. ते फवारणीवाले तर थक्क झाले हो. म्हणाले, साहेब, एवढी वाळवी लागलेली इमारत आम्ही उभ्या जन्मात पाहिली नाही. आणि भोकं तरी कशी, सगळी एका रांगेत, सारख्या अंतरावर! म्हणाले, फार शिस्तीची वाळवी आहे.”

भाऊ फसकन हसला. त्याला आवरलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणालाच आवरलं नसतं. पण ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या ग्रंथपालांना सोडून भावाकडे वळल्या.

“हस! अजून हस! तुला हजारदा सांगितलं होतं मी, नावं ठेवू नकोस. वाळवीची भोकं! ग्रंथालयात, पुस्तकांच्या घरात, वाळवी! ऐकणारा दुसरं काय करेल? तुझ्या या जिभेने घात केला माझा. बरोबर आजच्या दिवशी. जन्मभर मी राबायचं आणि तू एका विनोदात सगळं घालवायचं!”

वाचनकक्षातली वर्तमानपत्रं हलायची थांबली. भाऊ मान खाली घालून उभा राहिला.

ग्रंथपाल गोंधळले. कुणाचं काय चुकलं तेच त्यांना समजेना. शेवटी ते हळूच म्हणाले, “मॅडम, यांना कशाला बोलताय? मला तर फोन तुमचाच आला होता.”

“माझा?”

“हो ना. गेल्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, कमिटी यायच्या आत वाळवीच्या भोकांचं तेवढं बघून घ्या, एकही सुटता कामा नये. मला धडकीच भरली. मी विचारणार होतो, भोकं कुठे कुठे आहेत, तर तुम्ही म्हणालात, पहारेकऱ्याला विचारा, त्याला सगळी माहीत आहेत. आणि फोन ठेवलात. खरंच, त्याला सगळी माहीत होती.”

ताईंना आठवलं. शब्दन् शब्द आठवला. भोकांसमोर कपाटं सरकवली असतील तर बाजूला करा, धूळ साचली असेल तर काढा, असं त्यांना म्हणायचं होतं. म्हणताना त्या म्हणाल्या, बघून घ्या. आणि ते नाव! ज्या नावावरून त्यांनी इतकी वर्षं भावाचं डोकं खाल्लं, ते त्यांच्याच तोंडातून इतक्या सहज निघालं होतं की निघाल्याचं त्यांना कळलंही नव्हतं. त्यांनी भावाकडे पाहिलं. फोन केला तेव्हा तो समोरच्याच टेबलाशी बसला होता. म्हणजे त्याला आत्ता, सगळ्यांच्या देखत बोलणी खाताना, हे ठाऊक होतं. तो खिडकीबाहेर बघत होता. ताईंना त्याचाही राग आला. निदान तोंड तरी उघडायचं होतंस, गाढवा!

पण त्याची क्षमा मागायलाही सवड मिळाली नाही, कारण समिती दारात आली होती.

अध्यक्षबाई पुढे, मागे दोघे सदस्य. त्यातले एक कायम टाय लावून फिरणारे गृहस्थ, आणि ते त्या पिंपळपानाच्या आराखड्याच्या बाजूचे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. आत पाऊल टाकताच त्यांनी टायची गाठ सैल केली आणि गोड आवाजात म्हणाले, “वा! निसर्ग म्हणतात तो हाच असावा.”

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्या कक्षाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. कपाळावरून घाम ओघळला तो पुसलाही नाही. “काय झालंय?” त्यांनी विचारलं.

सांगायला एक सोपी वाट होती. ग्रंथपालांनी ऐकण्यात चूक केली, परवानगी न घेता फवारणीवाले बोलावले, एवढं म्हटलं असतं तर ते पुरतं खोटंही ठरलं नसतं. ग्रंथपाल समोरच उभे होते आणि आपलं काहीतरी भयंकर चुकलंय हे आता त्यांच्या ध्यानात येत चाललं होतं. त्यांचा चेहरा पाहून ताईंना ती वाट धरवेना.

“हवेची भोकं बुजवली गेली आहेत,” त्या म्हणाल्या. “फोन मी केला होता. बोलले एक, यांनी ऐकलं दुसरं. त्यात यांची चूक नाही. ही भोकं आज उघडली तरी भिंती निवायला दोन-तीन दिवस जातील. तुम्ही पुढच्या आठवड्यात या. एवढीच विनंती आहे. इमारतीत काही दोष नाही.”

“खरं बोललात, बरं वाटलं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “मी समितीत आतापर्यंत तुमच्याच बाजूने भांडत आलेय, तेही सांगून ठेवते.” मग त्या ग्रंथपालांकडे वळल्या. “तुम्ही इथे रोज बसता. ती भोकं कशासाठी होती, हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही बाई,” ग्रंथपाल म्हणाले. “मला कुणी सांगितलंच नाही.”

“आणि तुम्हाला?” त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारलं.

“वाळवीची आहेत म्हणून माहीत होतं,” तो म्हणाला.

टायवाले गृहस्थ खोकल्यासारखं काहीतरी करून भिंतीकडे वळले.

“हे बघा,” अध्यक्षबाई ताईंना म्हणाल्या, आणि त्यांचा स्वर कडक नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. “मी गल्लीत पाण्याची लाइन टाकली की पाणी बंद करायची चावी कुठे आहे, ती कधी फिरवायची, हे त्या गल्लीतल्या चार माणसांना दाखवून यायचे. लाइन मी टाकली तरी तिच्याजवळ राहणार ते. तुमच्या वसाहतीत हजारो घरं आहेत, आणि प्रत्येक घरात ही भोकं. कुणी त्यासमोर पलंग टाकेल, कुणी झुरळं येतात म्हणून बोळा कोंबेल. त्या सगळ्यांना हे कोण सांगणार? तुमच्या आराखड्यात ते कुठे आहे?”

“इमारत आपणहून…” ताईंनी सुरुवात केली आणि त्या थांबल्या. चांगली इमारत आपणहून बोलते, तिला समजावून सांगावं लागत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्राध्यापकांच्या पोरांनी ते वह्यांत उतरवून घेतलं होतं. पण वारूळ तरी आपणहून कुठे चालतं? आतली प्रत्येक वाळवी ते राखत असते. पडलं की सांधते, नको ती वाट बुजवते, हवी ती उकरते. ताईंनी वारुळातली भोकं घेतली, बोगदा घेतला, धुराडी घेतली, आणि वाळवी तेवढी बाहेर ठेवली. इतकी साधी गोष्ट! एवढ्या वर्षांत एकदाही आपल्या टाळक्यात शिरली नाही म्हणून त्यांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

“नाही आराखड्यात,” त्या म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी मान हलवली. “मग यावेळी मला तुमच्यासाठी भांडता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “काचेच्या खोलीतलं यंत्र बंद पडलं तर निदान लोक तक्रार करतात. तुमची इमारत बंद पडली तेव्हा ती चालू होती हेच कुणाला ठाऊक नव्हतं.”

समिती गेली. वसाहत गेली. पानाच्या आकाराची होणार होती आता ती, आकाशातून बघण्यासारखी.

भावाने खांद्यावरचा आपला कामाचा झोळा खाली ठेवला, त्यातून पातळ पटाशी काढली आणि भिंतीशी बसून फेस उकरायला लागला. ग्रंथपाल घाईघाईने टेबलावरची कागद कापायची सुरी घेऊन त्याच्या शेजारी बसले. ताई फरशीवर तशाच टेकल्या. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता, आणि तो कुणावर काढावा तर हाताशी एकच माणूस उरलं होतं.

“बोलला का नाहीस?” त्यांनी भावाला विचारलं. “फोन मी केला, हे तुला माहीत होतं.”

“तू इतकी रंगात आली होतीस,” तो म्हणाला. “मोडवेना.” आणि हात न थांबवता, “नाव मीच ठेवलं होतं ना गं.”

“मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं तुला. चुकलं माझं,” ताई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या भावाला पहिल्यांदा म्हणत होत्या. त्याने नुसतं नाक ओढलं आणि पटाशी जोरात खुपसली.

फेसाचा शेवटचा तुकडा फटकन बाहेर आला. वर धुराडी उघडीच होती, आतली तापलेली हवा कधीची वाटच बघत होती. भोकातून सूं असा बारीक आवाज आला आणि ग्रंथपालांच्या समोरचा धुरळा उडाला.

“अरेच्चा!” ते दचकून मागे सरले. मग त्यांनी हात पुढे केला, तळवा भोकासमोर धरला, आणि लहान मुलासारखे बघत राहिले. “मॅडम, गार आहे हो! हे येतं कुठून?”

ताईंनी तोंड उघडलं. दोन तासांचं व्याख्यान जिभेवर तयार होतं, वायुप्रवेशद्वारासकट. ते त्यांनी गिळलं. “खालून,” त्या म्हणाल्या. “जमिनीत गार असतं ना, तिथून. वरची गरम हवा निघून जाते, म्हणून ही आत येते. कपाट समोर आलं तर अडते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“हे आधी सांगायचं नाही का!” ग्रंथपाल कळवळून म्हणाले आणि त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली. पहारेकऱ्याने झाडूवालीला बोलावलं. मग वाचकही उठून यायला लागले. भिंतीशी माणसं एकामागून एक वाकून भोकासमोर हात धरत होती, आणि प्रत्येकजण तेच ‘अरेच्चा’ म्हणत होता.

सगळ्यांत शेवटी एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. त्यांनी हात पुढे केला नाही. जवळची खुर्ची ओढून त्या भोकाच्या समोर बसल्या, चपला काढल्या आणि पावलं बरोबर झुळकेत ठेवली. डोळे मिटून एक लांब श्वास सोडला.

“आलं बाई परत,” त्या म्हणाल्या. “मी रोज याच्यासाठीच इथे बसते. मधेच बंद झालं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं असेल. सांगावंसं फार वाटत होतं, पण सांगायचं कुणाला?”

“अहो, मला सांगायचं!” ताई जवळजवळ ओरडल्याच. “मला का नाही सांगितलंत?”

बाईंनी डोळे उघडले, चष्मा सारखा केला आणि ताईंना खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

“पण तुम्ही कोण?” त्यांनी विचारलं.